हत्ती, गाढव आणि पऱ्हाटी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्या वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास छापून येते. एका बाजूला गाढव, दुसऱ्या बाजूला हत्ती. गाढव डेमोक्रॅटिक पक्षाचं, हत्ती रिपब्लिकन पक्षाचा. खाली दोघांची मतं. रिपब्लिकन म्हणतात कर कमी करा, सरकारने लोकांच्या कारभारात नाक खुपसू नये, बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे, गर्भपात नको, परदेशातून येणारे लोंढे थांबवा. डेमोक्रॅट म्हणतात श्रीमंतांकडून जास्त कर घ्या, दवाखान्याचा खर्च सरकारने उचलावा, गर्भपाताचा निर्णय बाईचा, बंदुकांवर बंधनं हवीत, हवामानबदलाचं काहीतरी करा. एकाची मतं खेड्यापाड्यांत आणि चर्चच्या आसपास, दुसऱ्याची शहरांत, विद्यापीठांत आणि काळ्या वस्त्यांत.

ही चौकट खोटी नाही. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षं मान्य असलेला घटनात्मक हक्क काढून घेतला. तो निकाल देणारे न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. टेक्सासमधल्या एखाद्या गरोदर बाईला या दोन पक्षांत फरक काय असं विचारलं, तर ती चौकट न बघता उत्तर देईल.

पण हीच चौकट राळेगावच्या किंवा पांढरकवड्याच्या बाजार समितीत, कापसाची गाडी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कास्तकारापुढे धरली तर? त्याचा अमेरिकेशी संबंध आहे, आणि तो चांगलाच जुना आहे. अमेरिका जगातल्या सर्वांत मोठ्या कापूस निर्यातदारांपैकी एक. तिथल्या रुईचा भाव पडला की इथल्या व्यापाऱ्याचा आवाज बदलतो. तेव्हा या माणसाने हत्ती आला तर काय आणि गाढव आलं तर काय, हे विचारणं अगदी रास्त आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर चौकटीत सापडत नाही, कारण चौकटीत पक्षांची मतं असतात आणि मतं कुठून येतात ते नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. पक्षाची भूमिका त्याच्या जाहीरनाम्यात तयार होत नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांत तयार होते. दोन पक्षांमागे वेगळी माणसं असतील तर फरक तलवारीच्या धारेइतका स्पष्ट असतो. दोघांनाही तीच माणसं लागत असतील तर फरक विरघळतो. आणि एखाद्या प्रश्नावर ज्यांची दोघांनाही गरज वाटत नाही, त्यांच्या वाट्याला दोन्हीकडून एकच वागणूक येते. कापसाचा धागा धरून हे पाहता येतं, आणि तो धागा आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातून जातो.

सुरुवात १८६० पासून करू. रिपब्लिकन पक्ष तेव्हा सहा वर्षांचा होता. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, या एका मुद्द्यावर १८५४ मध्ये तो जन्मला. डेमोक्रॅटिक पक्ष जुना, आणि त्याचा कणा होता दक्षिणेतला मळेवाला, म्हणजे गुलामांकडून कापूस पिकवून घेणारा जमीनदार. हा कापूस जायचा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना. त्या गिरण्यांच्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेचा असे. म्हणजे त्या काळी दोन पक्षांतला फरक हा कापूस कोणाच्या हातांनी वेचला जावा याच्यावरचा फरक होता. १८६० मध्ये रिपब्लिकन लिंकन निवडून आला, दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं बंद केली. लँकेशायरच्या चात्या थांबल्या.

गिरणीवाल्यांची नजर मग वऱ्हाडाकडे वळली. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलंच होतं. कापसाचा भाव असा चढला की ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. मुंबईत त्या पैशावर सट्टा चालला, सट्टेवाल्या प्रेमचंद रायचंदांचं नाव घरोघरी झालं. आजचा यवतमाळ जिल्हा याच धामधुमीत, १८६४ मध्ये, वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा म्हणून आखला गेला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, यवतमाळ हे नाव १९०५ चं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात यायला लागला, भाव कोसळला, मुंबईतल्या बँका बुडाल्या. पऱ्हाटी मात्र वऱ्हाडातून हलली नाही. ती रेल्वेला माल देत राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत आलेली शकुंतला ही आगगाडीदेखील कापसासाठीच आली. एका परदेशातल्या दोन पक्षांचं भांडण आपल्या बांधापर्यंत इतकं थेट कधी आलं नव्हतं.

आता याच काळातली दुसरी गोष्ट, जी चौकटीत कधीच येत नाही. आज आयातकर म्हटलं की ट्रम्प आणि ट्रम्प म्हटलं की रिपब्लिकन. पूर्वीही तसंच होतं. १८९० चा मॅककिन्ली आयातकर कायदा रिपब्लिकनांचाच. कारण त्यांच्यामागे उत्तरेतले कारखानदार होते, त्यांना इंग्लंडचा स्वस्त माल नको होता. डेमोक्रॅटांमागे दक्षिणेतला कापूसवाला, तो आपला माल परदेशी विकायचा आणि बदल्यात स्वस्त वस्तू घ्यायचा, म्हणून त्याला खुला व्यापार हवा. पुढे मधल्या काळात चित्र उलटं झालं. कारखान्यातल्या कामगार संघटना डेमोक्रॅटांकडे गेल्या, तेव्हा डेमोक्रॅट आयातीला बिचकू लागले आणि रिपब्लिकन खुल्या व्यापाराचे भाट झाले. १९९३ मध्ये मेक्सिको-कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार क्लिंटन या डेमोक्रॅट अध्यक्षाने पुढे रेटला, पण प्रतिनिधीगृहात त्याला मतं जास्त पडली ती रिपब्लिकनांची. मग ओहायो-मिशिगनमधला बेकार झालेला कामगार ट्रम्पच्या सभेला जाऊ लागला आणि रिपब्लिकन पुन्हा आयातकरवाले झाले. सव्वाशे वर्षांत तत्त्वांच्या दोन कोलांट्या झाल्या. प्रत्येक वेळी आधी माणसं हलली, मग तत्त्व हललं.

दक्षिणेतला गोरा कापूसवाला मात्र यादवी युद्धानंतर जवळजवळ शंभर वर्षं डेमोक्रॅटच राहिला. लिंकनच्या पक्षाला मत देणं म्हणजे बापजाद्यांशी बेइमानी, असा तिथला हिशेब. तो पक्का खुंटा उखडला गेला १९६४ मध्ये. अध्यक्ष जॉन्सन, स्वतः टेक्सासचा डेमोक्रॅट, त्याने काळ्यांना समान नागरी हक्क देणारा कायदा संमत करून घेतला. तिथून पुढच्या दोन-तीन दशकांत दक्षिणेतले गोरे मतदार पायरीपायरीने रिपब्लिकन होत गेले. म्हणजे आज कापसाच्या पट्ट्यात जो हत्ती डुलतो आहे, तो ज्यांच्या दारात उभा आहे त्यांचे आजे-पणजे हत्तीचं नावही घेत नसत.

एवढी उलथापालथ झाली, तर कापसाचं धोरण बदललं असेल, असं कोणालाही वाटेल. इथे मी जरा थांबतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

टेक्सासच्या पश्चिमेला लबक नावाचं शहर आहे. त्याच्याभोवती अमेरिकेतला सगळ्यात मोठा कापसाचा सलग पट्टा. तिथला खासदार लॅरी कॉम्बेस्ट रिपब्लिकन होता आणि प्रतिनिधीगृहाच्या शेती समितीचा अध्यक्ष. त्याच समितीत डेमोक्रॅटांचा म्होरक्या होता चार्ल्स स्टेनहोम, शेजारच्याच मतदारसंघातला, स्वतःच्या घरची कापसाची शेती असलेला. गर्भपात, करकपात, आरोग्यविमा यांवर हे दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसलेले. पण २००२ चा शेती कायदा या दोघांनी मिळून बांधला. कापसाचा भाव ठरलेल्या पातळीखाली गेला तर फरकाची रक्कम सरकार देणार, असा तो कायदा. रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी सही केली. २००३ मध्ये कॉम्बेस्ट राजीनामा देऊन घरी गेला, त्याच्या जागी रँडी न्यूगबाउर नावाचा दुसरा रिपब्लिकन आला. मग टेक्सासच्या मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, स्टेनहोम आणि न्यूगबाउर एकाच मतदारसंघात आमनेसामने आले आणि २००४ मध्ये स्टेनहोम पडला. कापूसवाल्या डेमोक्रॅटाची जागा कापूसवाल्या रिपब्लिकनाने घेतली. गाढव गेलं, हत्ती आला, अनुदानाच्या चेकवरचा आकडा जसाच्या तसा.

अमेरिकेत कापूस पिकवणारी शेतं वीस हजारांहूनही कमी आहेत. आपल्या एखाद्या तालुक्यात याहून जास्त कास्तकार सापडतील. एवढ्याशा लोकांसाठी दोन्ही पक्ष कशाला झिजतात? यात दोन-तीन गोष्टी एकत्र येतात आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट सौद्याची. १९६४ मध्येच, तोच जॉन्सन अध्यक्ष असताना, प्रतिनिधीगृहाने गहू-कापसाच्या अनुदानाचं विधेयक आणि गरिबांना अन्न घेण्यासाठी कुपनं देणारं विधेयक एकाच दिवशी पास केलं. खेड्यातल्या प्रतिनिधींनी शहरी गरिबांच्या कुपनांना हात वर करायचा, शहरातल्या प्रतिनिधींनी कापसाला. दोघांनाही एकमेकांच्या प्रश्नाशी फारसं घेणंदेणं नव्हतं. १९७३ पासून तर दोन्ही गोष्टी एकाच शेती कायद्यात बांधल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या झोपडपट्टीतल्या मतांवर निवडून आलेला डेमोक्रॅट टेक्सासच्या हजार एकराच्या मालकाला पैसे मिळावेत म्हणून मत देतो, कारण त्या मतामागे त्याच्या लोकांची कुपनं अडकलेली असतात. २०२४ मध्ये ही कुपनं, म्हणजे आताचं कार्ड, चार कोटींवर लोक वापरत होते. अशी गाठ मारली की वीस हजारांची ताकद कोट्यवधींची होते.

दुसरी गोष्ट गिरण्यांची. अमेरिकेतल्या सूतगिरण्या जवळजवळ संपल्या. तिथला तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस निर्यात होतो. म्हणून कापूस स्वस्त करा अशी बोंब मारायला देशात कुणी उरलेलंच नाही. १९३८ पासून मेम्फिस शहरात नॅशनल कॉटन कौन्सिल आहे. त्यात पिकवणारा, जिनवाला, व्यापारी, सरकीवाला, गिरणीवाला हे सगळे एका टेबलाला बसतात, आणि वॉशिंग्टनला एकच मागणी घेऊन जातात. दार हत्तीचं आहे की गाढवाचं, हे बघून ते मागणी बदलत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याकडे फार कमी बोलली जाते. अमेरिकेत उमेदवारी पक्षश्रेष्ठी देत नाहीत. मतदारसंघातले पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकीत मतदान करून उमेदवार ठरवतात. तिथे तिकिटासाठी कोणी राजधानीतल्या बंगल्यावर रात्र काढत नाही. त्यामुळे लबकच्या खासदाराला भीती असते ती लबकच्या कापूसवाल्याची, अध्यक्षाची नाही. मे २००८ मध्ये हे लख्ख दिसलं. डेमोक्रॅटांच्या काँग्रेसने शेती कायदा केला, बुश यांनी तो फार खर्चिक म्हणून नकाराधिकार वापरून परत पाठवला. प्रतिनिधीगृहाने ३१६ विरुद्ध १०८ मतांनी अध्यक्षांचा नकार झिडकारला. त्या ३१६ मध्ये शंभराच्या घरात बुश यांच्याच पक्षाचे लोक होते. (गंमत अशी की कारकुनी चुकीने विधेयकाचा एक अख्खा भागच अध्यक्षांकडे गेला नव्हता, म्हणून सगळा तमाशा पुढच्या महिन्यात पुन्हा करावा लागला. निकाल तोच.)

या एकीची सर्वांत नामी परीक्षा ब्राझीलने घेतली. २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की अमेरिकेच्या अनुदानामुळे जगातला कापसाचा भाव पडतो. ब्राझील जिंकला. २००५ मध्ये अपिलातही जिंकला. २००९ मध्ये त्याला अमेरिकन मालावर बदल्याचे कर लावायची परवानगी मिळाली. तोवर वॉशिंग्टनमध्ये हत्ती जाऊन गाढव आलेलं होतं, ओबामा अध्यक्ष होते, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांची. अनुदान कमी केलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्यांनी काय केलं? ब्राझीलच्या कापूस उत्पादकांनाच वर्षाला १४.७ कोटी डॉलर देऊ केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन खटला कायमचा मिटवला. आपल्या शेतकऱ्याचं अनुदान तोडण्यापेक्षा परक्या शेतकऱ्यालाही पैसे देणं त्यांना सोपं वाटलं. बुश यांच्या काळात सुरू झालेलं भांडण ओबामांच्या काळात असं मिटलं, आणि यात पक्षाचा फरक शोधायला गेलात तर भिंगही कमी पडेल.

फरक अगदीच नाही असं म्हणून मी मोकळा होत नाही. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांचा मोठा अर्थकायदा आला. त्यात सरकीसकट कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट झाला आणि त्याच कायद्यात गरिबांच्या कुपनांना मोठी कात्री लागली. साठ वर्षांची गाठ रिपब्लिकनांनी एका बाजूने सोडली. एकाही डेमोक्रॅटाने त्याला मत दिलं नाही, सिनेटमध्ये तो ५१ विरुद्ध ५० असा उपाध्यक्षांच्या मताने तरला. इथे दोन पक्षांतला फरक खरा आहे आणि क्रूरही आहे. मात्र तो कुपनांवरचा फरक आहे. कापसाचा भाव वाढवू नका, असं डेमोक्रॅटांचं म्हणणं नव्हतं.

ते ४२ सेंट आपल्या मापात आणून बघा. क्विंटलला साधारण ९२-९३ डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या आसपास. आपल्याकडे २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. आकडे जवळजवळ सारखे! मग तिथला कास्तकार सुखी आणि इथला दुःखी का? कारण तिथे आधारभाव आणि बाजारभाव यातला फरक, ठरावीक एकरांपुरता का होईना, थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातो. त्याने माल कोणालाही विकावा, सरकार विकत घेत नाही. इथे हमीभाव मिळायचा तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जावं लागतं. आता मोबाइलवर नोंदणी, मग सातबाऱ्यावरचा पेरा जुळतो का ते बघणं, मग तारीख. गाडी जिनात पोचली की ग्रेडर कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आकडा आठपर्यंत आला तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, बारापुढे गेला तर माल परत. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस झाला असेल तर पहिल्या वेच्याचा कापूस बाराच्या खाली सहसा येत नाही. मग वाळवायला घरात जागा नाही, दुकानदाराची उधारी उभी आहे, दिवाळी तोंडावर आहे. त्याच जिनाच्या फाटकाबाहेर व्यापारी हजार रुपये कमी भावाने तोच कापूस तसाच घेतो.

तर आता आपल्या पक्षांकडे. यवतमाळ जिल्ह्याला राजकारणाची वानवा नाही. पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये वसंतरावांच्याच काळात सुरू झाली, आणि १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं तेव्हा त्यांनीही ती चालूच ठेवली. २००८ च्या जुलैमध्ये अणुकरारावरच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी राहुल गांधींनी लोकसभेत जळका गावच्या एका शेतकरी विधवेचं नाव घेतलं. मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत चहावर चर्चा करून गेले. दोन्ही मोठ्या पक्षांना यवतमाळची आठवण होते, हे कोणी नाकारू नये.

आणि कापसाचं काय झालं? ५ मार्च २०१२ रोजी काँग्रेसप्रणीत सरकारने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली. गुजरातचे मुख्यमंत्री म्हणून मोदींनी विरोध केला. मंत्रिमंडळात असलेल्या शरद पवारांनीही केला. काही दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली, पण भाव तोवर खाली आला होता. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात भाजपच्या सरकारने आयात कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क लावलं. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवलं. शुल्क काढा म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहिणाऱ्यांत तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन होते, म्हणजे काँग्रेसचे मित्र. तेव्हा कापूस दहा हजारांपुढे गेलेला होता, म्हणून इथे फार कुणी ओरडलं नाही. मग ऑगस्ट २०२५. ट्रम्प यांनी भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाच्या तेलापायी आणखी २५ टक्के कर लावला. कापडउद्योग हवालदिल झाला, आणि आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के शुल्क पुन्हा उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत.

एका पक्षाने निर्यात अडवली, दुसऱ्याने आयात मोकळी केली. दोन्हींचा अर्थ बाजार समितीत एकच होतो. आणि दोन्ही वेळा मागणी एकाच ठिकाणाहून आली होती, गिरण्यांकडून. गिरणीवाल्याला वाईट म्हणायचं कारण नाही, तिरुपूरच्या शिवणकामात लाखो बायाबापड्यांचं पोट आहे आणि त्यांचीही मतं आहेत. प्रश्न असा आहे की कापूस पिकवणारे देशात साठ लाखांच्या घरात आहेत, आणि तरी त्यांचं वजन वीस हजार अमेरिकनांइतकं पडत नाही. शरद जोशी आयुष्यभर याला उणे सबसिडी म्हणत आले. अमेरिका आपल्या शेतकऱ्याला देते आणि भारत आपल्या शेतकऱ्याकडून काढून घेतो, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. सांगायचे ते सत्तेतल्या प्रत्येक पक्षाला.

इथे तिकिटाचा मुद्दा पुन्हा आठवा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदाराला पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देता येत नाही, दिलं तर खासदारकी जाते. समजा आपल्या खासदाराला कापसासाठी लबकच्या खासदारासारखं आपल्याच सरकारविरुद्ध उभं राहायचं असलं, तरी कायदा त्याचा हात धरतो, आणि पुढचं तिकीट ज्यांच्या हाती आहे ते दुसरा हात धरतात. त्यातून आयात शुल्काची सूट ही अर्थखात्याच्या एका अधिसूचनेने निघते, सभागृहात मतदानाला येतच नाही. कापसासाठी मत फिरवता येत नाही, पण दोन तृतीयांश लोक जमवून अख्खा पक्ष घेऊन गेलं तर चालतं, हे आपण २०२२ पासून पाहतो आहोत. यवतमाळ-वाशीम मतदारसंघात २०२४ ला खरी लढत झाली ती शिवसेनेचे संजय देशमुख आणि शिवसेनेच्या राजश्री पाटील यांच्यात. मशाल की धनुष्यबाण, एवढा प्रश्न मतदारापुढे होता. देशमुख निवडून आले. प्रचारात कापसाचं नाव सगळ्यांनीच घेतलं. आयात शुल्क किती असावं आणि ते कोणाला विचारून उठवावं, यावर दोन सेनांत मतभेद असल्याचं माझ्या तरी ऐकिवात आलं नाही.

अमेरिकेतल्या कास्तकारालाही धर्म आहे, बंदूक आहे, रंग आहे, आणि तो मत देताना या सगळ्यांचा विचार करतो. आपल्याकडे जात आणि समाज बघून मतं पडतात म्हणून कापूस मागे पडतो, ही आपल्या शहरी पंडितांची लाडकी ओळ मला म्हणूनच पटत नाही. लबकचा माणूस हत्तीला मत देतो ते चर्चसाठी देतो. कापसाचं काम त्याने मतपेटीवर सोडलेलंच नाही. ते तो मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करतो, कौन्सिलमार्फत, निवडून आलेल्या प्रत्येकाकडे, आणि पाच वर्षांतून एकदा कायदा मतदानाला येतो तेव्हा हिशेब मागतो. गाढव येवो की हत्ती, त्याला दोघांची भीती नाही, कारण दोघांनाही त्याची आहे.

म्हणून रांगेतल्या त्या कास्तकाराला द्यायचं उत्तर असं. अमेरिकेच्या दोन पक्षांत फरक आहे, आणि तो तिथल्या गरिबाला, गरोदर बाईला, कालच आलेल्या परदेशी माणसाला रोज जाणवतो. तुझ्या कापसापुरता तो नाही. १८६० मध्ये होता, तेव्हा वऱ्हाडात सोनं आलं आणि पाच वर्षांत गेलंही. आपल्या दोन पक्षांतही तुझ्या कापसापुरता फरक नाही, तो असावा असं वाटत असेल तर आपल्या दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही चिन्हाचा असो, एवढंच विचार: पुढच्या हंगामात अधिसूचना निघाली, तर तू सभागृहात कोणत्या बाजूला उभा राहशील? आणि उत्तर लिहून घे. २०२५ ची सूट होती ३१ डिसेंबरपर्यंत. तोवर आपल्याकडे पहिला आणि दुसरा वेचा घरात आलेला असतो, आणि बऱ्याच घरांतून विकलाही गेलेला असतो.